शेवंती कड्यावर कशी चढली

१३ ऑक्टोबर २०२५
मुलुंड पूर्व

गंधाली,

शनिवारी काय झालं ते आधी क्रमाने लिहिते. काही चुकलं असेल तर दुरुस्त कर.

१. मुलुंडच्या शाळेत आपल्या दुसऱ्या पुस्तकातला भाग वाचून दाखवायचा कार्यक्रम होता. पुस्तक अजून छापायचं आहे. समोर सातवी-आठवीची मुलं होती.

२. मी नववं प्रकरण वाचलं. निवळगडाला वेढा पडला आहे, वर जायची वाट शत्रूच्या ताब्यात आहे. गडाच्या घेऱ्यातल्या चौकीवर, म्हणजे मेटावर, पहारा देणाऱ्या मेटकऱ्याची मुलगी शेवंती कमरेला दोर बांधून अंधारात मागचा कडा चढते.

३. मागच्या रांगेतली मुलं पुढे सरकून बसली.

४. मग तू उठलीस. "आता शेवटचं एक गुपित, फक्त तुम्हाला," असं म्हणून तू एक पान वाचलंस. हे पान माझ्याकडच्या फाइलमध्ये नाही. त्यात शेवंती मेटकऱ्याची मुलगी नसतेच. ती किल्लेदाराची मुलगी, तान्ही असताना धामधुमीत हरवलेली आणि मेटावर वाढलेली. दंडावरच्या ताइतामुळे ओळख पटते.

५. त्या पानावर हे वाक्य आहे : "तिच्या अंगात किल्लेदाराचं रक्त होतं, म्हणूनच कड्यावर तिचा हात सुटला नाही."

६. पहिल्या रांगेतली एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "हां, म्हणूनच!" दोघींनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी.

७. मी माइक घेतला आणि म्हटलं, "हे पान माझ्या पुस्तकात नाही." माइक टेबलावर ठेवून मी खाली उतरले.

८. तू रिक्षापर्यंत मागे आलीस. "मित्रा, मुलांसमोर काय हे, यार?" मी काही बोलले नाही.

बोलले नाही, कारण फोनवर आणि रस्त्यावर आपण भांडतो आणि कागदावर विचार करतो. हा नियम तुझा आहे. पहिल्या पुस्तकाच्या वेळी, तोफ घाटातून वर न्यायला किती बैल लागतील यावरून आपलं बोलणं बंद झालं होतं, तेव्हा तू तो केलास. म्हणून हे पत्र कुरिअरने. मुलुंड आणि तुझ्या बोरिवलीच्या मध्ये एकच डोंगर आहे, पण पत्राला त्याला वळसा घालून यावं लागतं. तुलाही हल्ली तसंच यावं लागतं.

माझं म्हणणं थोडक्यात : ते पान आणि ते वाक्य दोन्ही काढायचं, आणि आपल्या संपादकाला, ओजसला, तसं तू कळवायचं. पुस्तक १५ नोव्हेंबरला छपाईला जातंय. वेळ आहे.

संघमित्रा

ता. क. सातव्या प्रकरणात एकाच रात्री चंद्र दोनदा उगवतो. एक काढ.


२४ ऑक्टोबर २०२५
मुलुंड पूर्व

गंधाली,

तुझं पत्र मिळालं. फराळाचा डबाही मिळाला. तो पप्पांनी घेतला, माझ्या हातात आला असता तर काय केलं असतं माहीत नाही. चकल्या चांगल्या झाल्यात असं ते म्हणाले. मी एक खाल्ली.

तू लिहितेस, गोष्टीला कलाटणी लागते, ओजसनेच मागितली, आणि साहसकथेत असं चालतंच. चालतं हे मला माहीत आहे. लहानपणी मीही अशाच गोष्टी वाचल्या. त्यात गुराखी शेवटी राजपुत्र निघायचा आणि मोळीविकी राजकन्या. एकदाही कुठला राजपुत्र शेवटच्या पानावर गुराख्याचा मुलगा निघाला नाही. कलाटणीच हवी असेल तर ती एकाच बाजूला का वळते?

दुसरं तू लिहिलंस, "तुझी शेवंती तरी कुठल्या बखरीत आहे? तूही कल्पनाच केलीस, मीही केली. तुझी कल्पना इतिहास आणि माझी भंकस, असं कसं?"

हा प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर मी आठवडाभर शोधलं. साकीनाक्याला आमच्या वर्कशॉपमध्ये मी दिवसभर क्रेनचे हुक आणि दोर ताणून बघते, किती वजनाला तुटतात ते लिहिते आणि शिक्का मारते. त्यामुळे हातात काय आहे आणि काय नाही, हे वेगवेगळं ठेवायची सवय आहे. तर हातात काय होतं?

शेवंती कुठल्याही बखरीत नाही. मी तसा दावा कधी केला नाही. आपल्याकडे फक्त खोबण्या होत्या. आपण ज्या गडावरून निवळगड रचला, त्याच्या मागच्या कड्यातल्या. गेल्या जानेवारीत आपण दोघी तिथे चढलो, कारण आपला दुसरा नियम : आधी करून बघायचं, मग लिहायचं. आठवत असेल, तुझे पाय लांब. प्रत्येक खोबणीशी तुझा गुडघा छातीला लागत होता आणि तू वरून ओरडलीस, "हे काय लहान मुलांसाठी खोदलंय का रे?" तुझं ते वाक्य ऐकून मी खिशातली टेप काढली. खोबण्यांमधलं अंतर मोठ्या माणसाच्या पायाला फार कमी होतं. किती जुन्या आहेत, कुणी खोदल्या, मला माहीत नाही. पण ज्याने खोदल्या त्याच्या डोळ्यांसमोर छोटा पाय होता. शेवंती तिथे जन्मली, गंधाली. तुझ्या तोंडून. ती माझी एकटीची नाही, हे मी मान्य करते, म्हणून तर हे पत्र लिहिते आहे.

आपण इतिहासातून नाव घेतलं नाही, कारण नाव नव्हतंच. खोबण घेतली आणि तिच्यात बसेल असा पाय शोधला. तुझ्या पानावर काय होतं बघ : पाय तोच राहतो, खोबण तीच राहते, फक्त पायाचा मालक बदलतो. दोन्ही कल्पनाच आहेत. पण एक कल्पना रिकामी जागा भरते आणि दुसरी भरलेली जागा रिकामी करते.

आता ते वाक्य. हात का सुटला नाही, ते तुला ठाऊक आहे. सहाव्या खोबणीवर तू थिजलीस. सेफ्टीचा दोर होता, वर तो धरून आपल्याला चढाई शिकवणारे सर होते, तरी तू म्हणत होतीस, "मित्रा, सुटतायत, हात सुटतायत." मी खाली होते. मी म्हटलं, "हात विसर. पोट कड्यापासून लांब घे. टाचा खाली सोड. पायावर उभी राहा." तू राहिलीस. वर पोचल्यावर तू रडत होतीस, हसत होतीस आणि म्हणालीस, "हात नाही गं, पाय! सगळं पायात असतं! झकास!" ते मी नवव्या प्रकरणात जसंच्या तसं घातलं. शेवंतीची आई तिला तेच सांगते. ती बाई रोज त्या कड्यावरून दोराने पाण्याचे हंडे चढवते, शेवंतीला पाठीला बांधून ती त्याच खोबण्यांवरून गेली आहे. अंबाडीचा दोर मी मशीनवर ताणून बघितला तेव्हा प्रत्येक वेळी तो गाठीपाशी तुटला, म्हणून ती आई गाठ मारत नाही, दगडाला वेढे घेते. शेवंती चढते ती या सगळ्यामुळे.

तुला हे माहीत होतं. तू ते स्वतःच्या पायांनी शिकलीस. आणि तरी तू रक्त लिहिलंस.

शेवटी तू लिहिलंस, "तू प्रत्येक गोष्टीत तेच का आणतेस?" मी आणलं नाही. माझ्या पाच प्रकरणांत तो शब्द एकदाही नाही, मी शोधून बघितलं. 'रक्त' तू आता पाठवलेल्या नव्या फाइलमध्ये पान १४२ वर आहे आणि ते तुझं आहे.

संघमित्रा

ता. क. चंद्र एकच ठेवलास, त्याबद्दल आभार.


२ नोव्हेंबर २०२५
मुलुंड पूर्व

गंधाली,

तुझे तीन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत, कारण नियम. मेसेज मात्र वाचला. वाक्य काढतेस, पण ताईत ठेवायचा, म्हणजे "दोघींचं राहील". आणि त्याच्या खाली, "मला खरंच कळत नाहीये तुला नेमकं काय लागलं."

आधी तडजोडीचं. नको. वाक्य काढलं तरी ताईत तेच बोलतो. पहिल्या रांगेतल्या त्या मुलीला वाक्याची गरज नव्हती, तिने हिशोब स्वतःच जुळवला असता. तेरा वर्षांच्या मुलीला कळतं की पुस्तकात शेवटी जे सापडतं ते खरं, आणि त्याच्या आधीचं सगळं वेषांतर. म्हणजे मेटावरचं घर वेषांतर, दोर वळणारी आई वेषांतर, बाप वेषांतर.

काय लागलं, ते सांगते. हे मी तुला सांगणार नव्हते.

आपण तिसऱ्या वर्षाला होतो. प्रोजेक्टच्या आधी आठवडाभर मी तुमच्या मुलुंड पश्चिमेच्या घरी यायचे. एका सकाळी काकूंनी पोहे केले होते. मी त्यांना माझ्या पहिल्या गोष्टीचा मसुदा वाचून दाखवला होता, कारण त्यांनी मागितला. सुनंदाकाकू माझ्याशी कायम चांगल्या वागल्या, हे आधी लिहून ठेवते. त्या म्हणाल्या, "किती स्वच्छ लिहितेस गं. आणि बोलणं पण किती नीट. वाटत नाही हं अजिबात. तुमच्याकडे मागे कुणीतरी मोठं होऊन गेलेलं असणार बघ. चौकशी कर घरी."

तू म्हणालीस, "आई, लिंबू दे ना."

तुला हे आठवत नसेल. आठवावं अशी गोष्टही नव्हती. काकूंनी कौतुकच केलं, आणि मी "हो काकू" म्हटलं आणि पोहे संपवले. ताटलीही घासून ठेवली. फक्त घरी जाताना लक्षात आलं की त्यांना माझं लिखाण आवडलं होतं आणि ते आवडायला त्यांना एक कारण हवं होतं. ते कारण मी असू शकत नव्हते. माझी मम्मी, जी घाटकोपरच्या पालिकेच्या शाळेत रात्रीचे वर्ग करून दहावी झाली, तीही असू शकत नव्हती. म्हणून काकूंनी माझ्या दंडावर ताईत शोधला.

पान १४२ वर तोच ताईत आहे. तू तो मुद्दाम आणला नाहीस, हे मला पटतं. त्या सकाळी लिंबू मागितलंस तसाच आणलास, समोर होता म्हणून. मला मुद्दाम केलेलं सोपं गेलं असतं.

यावर माफी मागू नकोस. मी ती मागितलेली नाही आणि मला ती कुठे ठेवायची कळणार नाही. पान काढ, एवढंच.

संघमित्रा


९ नोव्हेंबर २०२५
मुलुंड पूर्व

गंधाली,

तुझ्याकडून आठवडाभर काहीच नाही. म्हणून माझ्याकडे काय झालं ते कळवते. दोन गोष्टी झाल्या.

पहिली. तुझं पान मी छापून टेबलावर ठेवलं होतं. पप्पांनी ते वाचलं. डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून घरातला कुठलाही कागद त्यांच्या तावडीतून सुटत नाही. वाचून म्हणाले, "चांगलंय की. गोष्टीत असंच असतं. एवढं काय भांडताय दोघी? पुस्तक निघू दे, नाव होईल."

मी म्हटलं, "पप्पा, तुम्हाला पटतं हे?"

"मला? अगं, मी तर लहानपणी ह्याच्यावरच जगलो." मग ते हसायला लागले. "गावाकडं चौथीत मी पहिला आलो होतो. तेव्हा अशीच एक गोष्ट वाचली, गुराख्याचं पोरगं राजाचं निघतं. मला वाटलं, आपलं पण असंच असणार. आपण एवढे हुशार, म्हणजे आपण नक्की तलाठ्याचे!"

"मग?"

"मग काय, आईला जाऊन विचारलं. म्हटलं, खरं सांग, मला कुठनं आणलंस?"

"आजी काय म्हणाली?"

"म्हणतेय काय? पायताण काढलं."

आतून मम्मी म्हणाली, "बरं केलं. मी असते तर दोन्ही काढली असती."

पप्पा खूप हसले. चहा घेतला. मग कप खाली ठेवून म्हणाले, "पण तरी मी बरेच दिवस तलाठ्याच्या घरावरूनच शाळेत जायचो गं. लांब पडायचं. तो ओट्यावर बसलेला असायचा. बघतोय का माझ्याकडं, म्हणून."

त्यांनी ते पान परत उचललं, चष्मा पुसला आणि विचारलं, "त्या शाळेत पोरं किती होती?"

आजीचं नाव तुला माहीत आहे. पुस्तकातही तेच आहे. नाव निवडताना तूच म्हणाली होतीस, "शेवंती मस्त आहे, ठेव," आणि कुणाचं ते मी तेव्हा सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. तू पुस्तकात जिच्या नावाच्या मुलीची आई काढून घेतलीस, तिने एकदा याच प्रश्नाचं उत्तर दिलेलं आहे, आणि मला ते पुरेसं आहे.

दुसरी गोष्ट. मी काल ओजसला फोन केला. सांगितलं, पान १४२ राहणार असेल तर माझी पाच प्रकरणं मी काढून घेते : कडा, दोर, चोरदरवाजा, मेटावरचं घर आणि वेढ्याची रात्र.

ओजस म्हणाला, "अगं यार, वाट लावशील तू! कडाच काढलास तर पुस्तकात उरलं काय?"

मी म्हटलं, "किल्लेदाराची मुलगी उरली ना."

"ती वर कशी जाणार पण?"

"ते गंधालीला विचार. अंगात रक्त आहे म्हणते ती."

तो म्हणाला, "तुम्ही दोघी आपसात बघा बाबा. मला शनिवारी फाइल पाहिजे." ओजसला कलाटणी हवी होती आणि ती मिळाली, असं मी समजते.

ही धमकी नाही. धमकीत समोरच्याने घाबरावं अशी अपेक्षा असते. मी काय करणार आहे ते तुला आधी कळावं, एवढ्यासाठी लिहिते. माझी पाच प्रकरणं स्वतंत्रपणे उभी राहतात, मी वाचून बघितली. मधे तुझं बाजाराचं प्रकरण नसेल, तुझा तो विनोदी तोफखानेवाला नसेल, आणि मला विनोद जमत नाही, त्यामुळे पुस्तक कोरडं होईल. कमी मुलं वाचतील. पण जी वाचतील त्यांना एक मेटकऱ्याची मुलगी मेटकऱ्याची मुलगी म्हणून वर पोचलेली दिसेल, आणि पुस्तक मिटल्यावर कुणाच्या घरावरून लांबच्या वाटेने शाळेत जावंसं वाटणार नाही. मला कोरडं पुस्तक चालेल.

तुझ्याशिवाय लिहिणं चालेल का, हे तू विचारलेलं नाहीस, म्हणून त्याचं उत्तर देत नाही.

नवव्या प्रकरणाचा शेवट मी नव्याने लिहिला आहे. सोबत जोडते. शेवंती वर पोचते, दगडाला वेढे घेते, दोर खाली सोडते, आणि गडाच्या मदतीला आलेली माणसं त्यावरून चढू लागतात. किल्लेदार मशाल घेऊन येतो आणि विचारतो, "कुणाची गं तू?" ती आईचं नाव सांगते, मग बापाचं, मग मेटाचं. किल्लेदार म्हणतो, "तसं नाही, खरी कुणाची?" आणि शेवंती म्हणते, "दोर धरा आधी. माणसं लटकली आहेत."

किल्लेदार दोर धरतो. प्रकरण तिथे संपतं. तुला ते आवडेल असं मला वाटतं. तुझ्यासारखं लिहायचा प्रयत्न केला आहे.

पुढच्या रविवारी, १६ तारखेला, मी त्या कड्यावर जाते आहे. सर येणार आहेत. मेटावर घराचा चौथरा कुठे असेल ते बघायचं आहे आणि खोबण्या पुन्हा एकदा नीट मोजायच्या आहेत, कारण गेल्या वेळी वरच्या चार राहिल्या. तू थिजली होतीस म्हणून. तुला यायचं असेल तर सहाव्या खोबणीवर उभं राहून पान १४२ मोठ्याने वाच. मी खाली असेन. तिथे उभं राहूनही ते वाक्य तुला खरं वाटलं, तर मी पुन्हा विचार करेन. हे मी गंभीरपणे लिहिते आहे.

ओजसला फाइल शनिवारी हवी आहे. पान राहणार की जाणार, आणि दोघींची नावं एका पुस्तकावर की दोन, हे मला शुक्रवार, १४ नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंत कळव. कुरिअर पोचणार नाही. फोन कर, मी उचलेन.

मित्रा